सेवाशर्तींतील परस्पर बदल आणि मधले 21 दिवस

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये मी 31 वर्षे नोकरी केली. हजेरीपट, पाळ्यांचे तक्ते, रजेचे अर्ज आणि सूचना फलकावर लावायचा प्रत्येक कागद माझ्या हातून जात असे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी आसपासचे लोक कंपनीतून आलेला कागद घेऊन अजूनही माझ्याकडे येतात, आणि गेल्या काही महिन्यांत आलेले कागद जवळपास सगळे एकाच प्रकारचे आहेत. कोणाचे मूळ वेतन कमी करून ती रक्कम ‘विशेष भत्त्या’त टाकली आहे, कोणाची कंपनीची बस बंद केली आहे, कोणाला आठऐवजी नऊ तासांची पाळी लावली आहे. प्रत्येक कागदाच्या शेवटी ‘हा बदल येत्या एक तारखेपासून लागू होत आहे’ असे वाक्य आणि खाली सहीसाठी मोकळी जागा असते. ‘काका, सही करू का?’ एवढाच प्रश्न मला विचारला जातो. एकेकाला घरी बसवून जे सांगतो, ते चार लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नोकरी लागते तेव्हा नेमणूकपत्रावर दोघांच्या सह्या होतात. पगार किती, काम कोणते, वेळ कोणती, सुट्टी कधी, हे दोघांनी मान्य केलेले असते. मग तीच गोष्ट बदलताना एकाच्याच सहीने कशी बदलावी? आपल्याकडचा 1872 सालचा करार कायदाही हेच सांगतो की जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायचा किंवा जुन्यात फेरफार करायचा, तर दोन्ही पक्षांचे एकमत व्हावे लागते. नोकरीच्या बाबतीत हे तत्त्व पुरेसे नाही, कारण घर चालवणारा माणूस आणि कंपनी हे एका तराजूत बसत नाहीत. म्हणूनच कामगारांसाठी वेगळी तरतूद करावी लागली. ती तरतूद मी पुस्तकातून शिकलो नाही, ती मला एका टर्नरने शिकवली.

1994 सालची गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात विजेच्या नियोजनामुळे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. या भागात ज्यांनी संसार केला त्यांना गुरुवार म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. दवाखाना, बाजार, मुलांच्या शाळेत बाईंना भेटणे, लग्नाची बोलणी, सगळे त्या दिवशी. आमच्या व्यवस्थापनाने यंत्रे सातही दिवस चालवण्यासाठी सुट्टी फिरती करण्याचे ठरवले. संध्याकाळी चारला मजकूर माझ्याकडे आला. मी तो दोन कार्बन घालून टाइप केला, फलकाची काच सरकवून चार टाचण्यांनी लावला, कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. अंमल पुढच्या सोमवारपासून होता.

दुसऱ्या पाळीला आमच्या युनियनचा प्रतिनिधी, तोच तो टर्नर, फलकापाशी थांबला. हाताला तेल होते म्हणून काचेला न लागता, बोट हवेतच धरून त्याने ओळ न् ओळ वाचली आणि माझ्या खिडकीशी येऊन शांतपणे विचारले, ‘भाऊ, तारीख आजची आणि अंमल सोमवारपासून. मधले एकवीस दिवस कुठे गेले?’ मला उत्तर देता आले नाही, कारण कोणते एकवीस दिवस हेच मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे असे कागद लावणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसावे, याची मला त्या रात्री फार लाज वाटली.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होते. पगार व तो देण्याची पद्धत, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, भत्ते, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ, पगारी रजा व सुट्ट्या, पाळ्या, श्रेणी, शिस्तीचे नियम, पूर्वापार चालत आलेल्या सवलती आणि मनुष्यबळात वाढ किंवा कपात, अशा परिशिष्टात दिलेल्या कोणत्याही बाबतीत बदल करायचा असेल, तर ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्या कामगारांना आधी नोटीस द्यायची आणि नोटीस दिल्यापासून 21 दिवसांच्या आत बदल अमलात आणायचा नाही, असे ते कलम सांगत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि जुना कायदा गेला. पण ही तरतूद गेलेली नाही. ती संहितेच्या कलम 40 मध्ये आणि तिसऱ्या परिशिष्टात जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. ‘नवे कायदे आले, आता तुमचे जुने हक्क संपले’ असे काही ठिकाणी कामगारांना बिनदिक्कत सांगितले जात आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आणखी एक गल्लत सर्रास होते. स्थायी आदेशांचा, म्हणजे आस्थापनेतील सेवाशर्तींच्या प्रमाणित लेखी नियमांचा, कायदा आपल्या राज्यात 50 कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होता, तो आकडा संहितेत 300 झाला. ही कामगारांची हानी आहे असे माझे ठाम मत आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक लघुउद्योग त्यामुळे स्थायी आदेशांच्या बाहेर पडले. पण 300 ची अट स्थायी आदेशांना आहे, बदलाच्या नोटिशीला नाही. चाळीस माणसांच्या वर्कशॉपच्या मालकालाही पगार किंवा कामाचे तास बदलताना नोटीस द्यावीच लागते. अपवाद मोजके आहेत. युनियनशी झालेल्या करारानुसार किंवा निवाड्यानुसार होणारा बदल, सरकारी सेवानियम लागू असलेले कर्मचारी, सरकारच्या आदेशानुसार केलेला बदल, आणि तातडीच्या प्रसंगी तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून केलेला पाळीतला बदल. ही समिती वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी असायलाच हवी. आपल्या कंपनीत ती आहे का आणि तिच्यावर कामगारांच्या बाजूने कोण आहे, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावे.

आमच्या कारखान्यातला कागद दुसऱ्या दिवशी मीच फलकावरून काढला. रीतसर नोटीस पुन्हा निघाली आणि मधल्या तीन आठवड्यांत बोलणी झाली. त्या बोलण्यांत प्रथमच समोर आले की आमच्या चाळीसएक कामगारांच्या बायका आजूबाजूच्या कारखान्यांत कामाला होत्या आणि त्यांची सुट्टी गुरुवारचीच राहणार होती. फिरती सुट्टी लागू झाली असती, तर नवरा-बायको दोघेही एकाच दिवशी घरी असण्याचा प्रसंग महिन्यातून एखाद्या वेळी आला असता. हे व्यवस्थापनातल्या कोणाच्या मनातही आले नव्हते. अखेर भट्टी बंद ठेवता येत नाही अशा हीट ट्रीटमेंट विभागापुरती फिरती सुट्टी ठरली, तिथल्या लोकांना वेगळा भत्ता मिळाला आणि बाकीच्यांचा गुरुवार कायम राहिला. बदल अडला नाही, कारखान्याचेही नुकसान झाले नाही. ज्यांचे आयुष्य बदलणार होते त्यांना आधी विचारले गेले, एवढाच फरक पडला.

पुढे वाचनात आले की अगदी याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली निर्णय दिला होता. कोळसा खाणीतील कामगारांची रविवारची सुट्टी नोटीस न देता दुसऱ्या वारावर नेली होती आणि तो बदल न्यायालयाने मान्य केला नाही. बदलाचा आपल्यावर काय परिणाम होईल याचा विचार करण्याची आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी कामगाराला मिळावी, हा या नोटिशीचा हेतू असल्याचे न्यायालयाने सांगितले. दुसरे प्रकरण आपल्या नागपूरचे आहे आणि तेही एका वृत्तपत्राच्या छापखान्याचे. तिथे हाताने खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांची पद्धत जाऊन फोटोटाइपसेटिंग, म्हणजे यंत्राने होणारी अक्षरजुळणी, आले आणि त्यापायी कामगार कमी केले गेले. नवी पद्धत सुरू करण्याआधी नोटीस द्यायला हवी होती, नंतर दिलेली नोटीस चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली सांगितले. आज ज्या कचेऱ्यांत माणसांच्या जागी संगणक प्रणाली आणण्याची भाषा रोज ऐकू येते, तिथल्या कर्मचाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता सध्या सर्वांत जास्त येणाऱ्या कागदाबद्दल. वेतनाच्या नव्या संहितेत ‘वेतन’ कशाला म्हणायचे ते ठरवून दिले आहे. या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनातच धरायची, असा तो नियम आहे. ज्या कंपन्या मूळ वेतन तीस टक्के दाखवून बाकी भत्ते देत होत्या, त्यांना आवर घालण्यासाठी तो केलेला आहे. पण माझ्याकडे आलेल्या एका कागदात उलटेच केले होते. त्या कामगाराला महिना 20,000 रुपये मिळत आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,000 होते. ‘नव्या कायद्याप्रमाणे पन्नास टक्के’ असे कारण देऊन ते 10,000 वर आणले आणि 4,000 रुपयांचा एक नवा भत्ता तयार केला. हातात येणारी रक्कम कमी झाली नाही, उलट 480 रुपयांनी वाढलीच, म्हणून तो मनुष्य खूश होता.

मी त्याच्यासमोर कागदावर आकडे मांडले. भविष्य निर्वाह निधीत 12 टक्क्यांनी त्याचे 1,680 रुपये जात होते, ते 1,200 झाले. कंपनीचा वाटाही तेवढाच खाली आला. म्हणजे त्याच्या म्हातारपणाच्या पैशांत दर महिन्याला 960 रुपयांची घट झाली, आणि त्यातले 480 तर सरळ कंपनीच्या खिशात राहिले. ग्रॅच्युइटीचे गणित याहून कठोर आहे. शेवटच्या वेतनाचे 15 दिवस, महिन्याचे 26 दिवस धरून, गुणिले सेवेची वर्षे. त्याची वीस वर्षे भरली असती, तर 14,000 वर सुमारे 1,61,500 रुपये मिळाले असते. 10,000 वर ते सुमारे 1,15,400 होतात. एका कागदाने 46,000 रुपये गेले. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला. पन्नास टक्के ही वेतनाची तळाची मर्यादा आहे, सत्तर टक्क्यांवरून तिथपर्यंत खाली उतरण्याची ती परवानगी नव्हे. वेतन, निधीतील मालकाचा वाटा आणि भत्ते या तिन्ही बाबी तिसऱ्या परिशिष्टात अगदी सुरुवातीलाच आहेत, त्यामुळे असा बदल नोटिशीशिवाय होऊच शकत नाही. शिवाय सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता निधीच्या हिशेबात मूळ वेतनातच धरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये स्पष्ट केलेले आहे. भत्त्याला ‘विशेष’ नाव दिल्याने तो विशेष होत नाही.

आता ‘सही करू का’ या मूळ प्रश्नाकडे येतो. नोकरी सोडून भांडा, असा सल्ला मी कोणालाही देत नाही, कारण घरी हप्ते असलेल्या माणसाला तो देणे सोपे आणि मानणे अवघड असते. पण गप्प राहून काम करत राहणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. सहा महिने नवा पगार मुकाट घेतला, की पुढे ‘तुम्ही तो मान्यच केला होता’ असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. म्हणून काम चालू ठेवावे, पगारही घ्यावा, पण आपली हरकत त्याच आठवड्यात लेखी नोंदवावी. सही करणे भागच पडले, तर सहीच्या वर ‘हा बदल मला मान्य नाही, माझे हक्क राखून सही करत आहे’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि तारीख घालावी. जुने लोक याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणत, तोच शब्द लिहिला तरी चालतो. पत्राची पोच घ्यावी. पोच देत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी, आणि पत्राची एक प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन त्यावर आवक शिक्का घ्यावा. नेमणूकपत्र आणि पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या घरी फाइलला लावून ठेवाव्यात. आता त्या मोबाइलवर येतात आणि नोकरी सुटली की पाहता येत नाहीत, म्हणून छापून ठेवलेल्या बऱ्या.

21 दिवस संपले की बदल आपोआप योग्य ठरतो, असाही एक समज आहे. नोटिशीने मालकाला बदलाचा हक्क मिळत नाही, कामगाराला वेळ मिळतो, आणि त्या वेळेत विवाद उपस्थित करायचा असतो. प्रकरण समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, चालू झाले, की त्या विषयातील सेवाशर्ती कामगारांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नाहीत. युनियन असेल तिथे हे तिच्यामार्फत करावे, नसेल तिथे पाच-दहा जणांनी एकत्र सह्या करून जावे. आपल्या राज्याने 1971 साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि करार, तडजोड किंवा निवाडा न पाळणे ही त्यात अनुचित प्रथा ठरवली. त्याखालील तक्रारीची मुदत घटनेपासून 90 दिवसांची आहे. न्यायालय उशीर माफ करू शकते, पण त्यावर विसंबून कोणी राहू नये. महाराष्ट्राच्या कामगारांना या कायद्याने फार मोठा आधार दिलेला आहे आणि राज्य सरकारने तो कोणत्याही परिस्थितीत जपला पाहिजे.

‘मी कामगार नाही, एक्झिक्युटिव्ह आहे’ असे सांगणारी तरुण मुले-मुली हल्ली बरीच भेटतात. आमच्या सोसायटीतील एक मुलगी हिंजवडीजवळच्या एका कचेरीत दिवसभर बिले तपासून नोंदी करते. तिच्या हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा ती मंजूर करत नाही, पण पदाचे नाव ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’. कायदा पदाचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो. लिखापढीचे, तांत्रिक, शारीरिक किंवा कौशल्याचे काम करणारा कामगारच असतो. देखरेखीचे काम करणाऱ्यांना मात्र 18,000 रुपये वेतनाची मर्यादा आहे, आणि व्यवस्थापकीय काम करणारे यात येत नाहीत. त्यांना दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते, पण नोकरीचा करार पाळायला लावणारा हुकूम तिथे सहसा मिळत नाही.

या मुलीने मला दाखवलेली गोष्ट मात्र कार्बनच्या जमान्यात आम्ही पाहिली नव्हती. बदललेल्या अटी कंपनीच्या पोर्टलवर आल्या होत्या. खाली एकच बटण होते, ‘मान्य आहे’. ते दाबल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते, आणि पगाराची चिठ्ठी व रजेचा अर्ज त्या पुढच्या पानावर होता. तिला तापामुळे दोन दिवस रजा हवी होती, म्हणून तिने बटण दाबले. याला संमती म्हणणे मला अजिबात पटत नाही. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तरच ठेवलेले नाही, त्याचे ‘होय’ कोणावर बांधील कसे धरायचे? मी तिला त्याच दिवशी ईमेलने कळवायला सांगितले की रजेसाठी बटण दाबावे लागले, अटींना माझी हरकत आहे. तिने ते कळवले.

‘कंपनीला वेळोवेळी अटी बदलण्याचा अधिकार राहील’ असे वाक्य हल्ली बहुतेक नेमणूकपत्रांत असते, आणि तेच दाखवून लोकांना गप्प केले जाते. कायद्याने दिलेली नोटीस अशा छापील वाक्याने रद्द होत नाही. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी मालकीच्या एका जलवाहतूक महामंडळाच्या प्रकरणात, तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम कर्मचाऱ्याला कारण न देता काढण्याचा नियम रद्द केला. ज्याच्यापुढे ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्याय नाही, अशा दुबळ्या पक्षावर लादलेली अन्याय्य अट न्यायालय अमलात आणणार नाही, असे त्या निकालाचे सूत्र आहे.

लहान कारखानदारांच्या अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. मोठ्या कंपनीने ऑर्डर कमी केली, की शेजारच्या शेडमधल्या मालकाची झोप उडते, आणि त्याला पाळी किंवा भत्ता बदलावा लागतो हेही खरे आहे. पण अशा मालकाने हिशेबाची वही उघडून कामगारांसमोर ठेवली, तेव्हा लोकांनी स्वतःहून दोन महिने ओव्हरटाइम सोडल्याचेही मी पाहिले आहे. त्यांना विचारले गेले होते.

कामगार विभागाला आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी दोन मागण्यांची विनंती आहे. सेवाशर्तींच्या बदलाची नोटीस पोर्टलवर किंवा ईमेलने देणाऱ्या आस्थापनांना ‘मान्य आहे’च्या शेजारी ‘हरकत आहे’ आणि ‘विचार करण्यास वेळ हवा’ असे पर्याय ठेवण्याचे बंधन नियमांत घालावे, आणि पगाराची चिठ्ठी किंवा रजा यांना त्या उत्तराशी जोडण्यास मनाई करावी. तसेच कलम 40 आणि तिसऱ्या परिशिष्टातील यादी सोप्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक आस्थापनेच्या फलकावर, हजेरी लागते त्या ठिकाणी लावायला सांगावे. मी आयुष्यभर त्या फलकाची किल्ली सांभाळली, आणि तो एक कागद तिथे कधीच लागला नव्हता.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी,
भोसरी, पुणे